दूरचे यंत्र आणि प्रामाण्याचा प्रश्न

दूरच्या सर्व्हरवर प्रोग्रॅमिंगची व्यवस्था लावणे हे ठरावीक पायऱ्यांचे काम आहे. लॅपटॉपवर टर्मिनल उघडून एसएसएच कमांडने सर्व्हरशी जोडणी करायची, किल्ल्यांची जोडी बनवून तिच्यातली सार्वजनिक किल्ली तिकडे ठेवायची, लागतील ती पॅकेजेस टाकायची, गिटने कोड उतरवून घ्यायचा आणि मध्येच नेट गेले तरी काम चालू राहावे म्हणून टीमक्स लावून ठेवायचे. हात बसलेल्या माणसाला एवढ्याला तासभरही लागत नाही. या वेळात सर्व्हर मात्र एकदाही त्याच्या दृष्टीस पडत नाही. तो मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये आहे की फ्रँकफुर्टच्या, अख्खे यंत्र आहे की मोठ्या यंत्राचा भाड्याने दिलेला हिस्सा, पडद्यावरच्या ओळी तिथूनच येतात की वाटेत बसलेला कोणी त्या पाठवतो, हे डोळ्यांनी कळायला मार्ग नाही. पुढ्यात असतात त्या फक्त अक्षरांच्या ओळी. त्यांच्या आधारे वापरणाऱ्याला 'हा माझाच सर्व्हर' असे ज्ञान होते, आणि त्यावर भिस्त ठेवून तो आपला कोड, आपले पासवर्ड आणि कित्येकदा इतरांची माहितीही त्या यंत्राच्या हवाली करतो. हे ज्ञान खरे आहे हे कशावरून, हा इथला मूळ प्रश्न.

भारतीय दर्शनांत हा प्रामाण्याचा प्रश्न म्हणून ओळखला जातो. ज्ञान कसे होते ही एक गोष्ट आणि झालेले ज्ञान खरे आहे हे कसे कळते ही दुसरी. दुसऱ्या प्रश्नाला प्रामुख्याने दोन उत्तरे दिली गेली. मीमांसकांच्या मते ज्ञान होते तेच खरे म्हणून होते. त्याचे खरेपण पटवायला आणखी कोणाची साक्ष लागत नाही. खोटेपण मात्र बाहेरून कळते. हा स्वतःप्रामाण्यवाद. नैयायिकांच्या मते खरेपण आणि खोटेपण दोन्ही बाहेरूनच कळतात. ज्ञानावर विसंबून कृती केली आणि ती फळाला आली, तर ज्ञान खरे होते असे अनुमान निघते. हा परतःप्रामाण्यवाद. सातव्या शतकाच्या सुमारास कुमारिल भट्टांनी श्लोकवार्तिकात पहिली बाजू बांधून काढली. चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशांनी तत्त्वचिंतामणीत दुसरी बाजू काटेकोर केली. मीमांसकांपुढे विषय होता अपौरुषेय वेदाचा. ज्याला कर्ताच नाही त्या वचनाचे खरेपण कर्त्याच्या चांगुलपणावरून ठरवता येत नाही, म्हणून ते ज्ञानाच्या ठायीच मानावे लागले. विषय वेगळा असला तरी युक्तिवाद सर्वच ज्ञानाला लागू होतो, आणि दूरचे यंत्र ही त्याची आजची चांगली कसोटी आहे.

गुप्तता आणि ओळख

१९९५ पूर्वी दूरच्या यंत्रावर जाण्याचे रूढ मार्ग टेलनेट आणि आरलॉगिन हे होते. त्यांत पासवर्ड जसाच्या तसा तारेवरून जाई आणि त्याच नेटवर्कवर बसलेल्या कोणालाही तो वाचता येई. समोरचे यंत्र कोणते, हे केवळ त्याच्या पत्त्यावरून मानले जाई. हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर अशीच पासवर्डची चोरी झाल्यावर तिथले संशोधक तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच लिहिले. १९९९ मध्ये ओपनबीएसडी प्रकल्पातून ओपनएसएसएच आले, आणि आज बहुतेक सर्व्हरवर तेच असते.

एसएसएचपुढे दोन स्वतंत्र कामे होती. पहिले गुप्ततेचे. ज्यांची कधी गाठ पडलेली नाही अशा दोघांना उघड्या मार्गावरून बोलूनही एक सामायिक गुपित ठरवता येते, हे डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले होते. त्यामुळे तिऱ्हाइताला संभाषण वाचता येत नाही. पण हे गुपित कोणाशी ठरले, ते या गणितातून कळत नाही. वाटेत कोणी बसला असेल तर वापरणारा त्याच्याशी एक गुपित ठरवतो, तो सर्व्हरशी दुसरे ठरवतो आणि दोन्हीकडचे बोलणे इकडून तिकडे पोचवत राहतो. दोन्ही टोकांना संभाषण सुरक्षितच वाटते. गुप्तता शाबूत राहते आणि ओळख हरवते. म्हणून दुसरे काम, ओळखीचे, वेगळे करावे लागले. प्रत्येक सर्व्हरला स्वतःची किल्ल्यांची जोडी मिळाली. खासगी किल्ली सर्व्हरपाशीच राहते आणि सार्वजनिक किल्लीवरून तिच्या मालकाची पारख होते. तरीही एक बाब उरते. ही सार्वजनिक किल्ली त्याच सर्व्हरची आहे, हे वापरणाऱ्याला कोणी सांगायचे?

पहिली भेट

नव्या सर्व्हरशी प्रथमच जोडणी केली की टर्मिनल लगेच आत सोडत नाही. अमुक होस्टची सत्यता ठरवता येत नाही, असे आधी सांगते. खालच्या ओळीत किल्लीचा प्रकार असतो, बहुधा ईडी२५५१९, आणि तिचे फिंगरप्रिंट असते: सुरुवातीला एसएचए२५६ ही खूण आणि पुढे ४३ अक्षर-अंकांची ओळ. शेवटी विचारणा असते, पुढे जायचे का? 'यस' हा शब्द पूर्ण टंकावा लागतो; नुसते पहिले अक्षर दाबून भागत नाही. याच जागी 'यस'ऐवजी इतरत्र मिळालेले फिंगरप्रिंट चिकटवता येते. दोन्ही जुळली तरच प्रोग्रॅम पुढे जातो. होकार दिला की किल्ली 'नोन होस्ट्स' नावाच्या फाइलमध्ये नोंदली जाते आणि त्यानंतर हा प्रश्न पुन्हा येत नाही.

बहुतेक लोक ती ४३ अक्षरे न वाचताच 'यस' लिहितात. पहिल्या भेटीत मान्य करायचे आणि पुढे तीच ओळख धरून चालायचे, ही रीत एसएसएचच्या रचनेतच बसवलेली आहे. जानेवारी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रोटोकॉलच्या अधिकृत वर्णनात तिचा धोका स्पष्ट नोंदवला आहे. किल्ल्यांची ग्वाही देणारी सर्वदूर पसरलेली व्यवस्था इंटरनेटवर नसल्याने वापर सोयीचा व्हावा म्हणून ही सवलत ठेवली, असेही तिथे म्हटले आहे.

वरवर पाहता हा आळस वाटतो. पण त्यात मीमांसकांची भूमिका दडलेली आहे. झालेले ज्ञान आधी मानायचे, आणि ते उलटवणारे काही समोर आले तरच सोडायचे. प्रत्येक ज्ञानाला दुसऱ्या ज्ञानाचा दाखला मागत बसले तर त्या दुसऱ्यालाही तिसऱ्याचा लागेल आणि व्यवहारच ठप्प होईल, असे कुमारिलांचे म्हणणे आहे. मात्र हे मानणे बिनशर्त नाही. ज्ञान उलटण्याचे दोन मार्ग ते सांगतात: पहिल्याशी न जुळणारे बाधक ज्ञान होणे, किंवा ज्या साधनाने ज्ञान झाले त्यातच दोष असल्याचे कळणे. एसएसएचच्या इतिहासात दोन्हींची ठळक उदाहरणे आहेत.

बाधक ज्ञान आणि कारणदोष

नोंदलेली किल्ली आणि सर्व्हरने आज दाखवलेली किल्ली यांत फरक पडला की टर्मिनलवर मोठ्या लिपीत इशाऱ्याची चौकट उमटते. होस्टची ओळख बदलली आहे, कोणी मध्ये बसून ऐकत असण्याची शक्यता आहे, किंवा किल्ली नुसतीच बदलली असेल, असे ती सांगते आणि जोडणी नाकारली जाते. २४ मार्च २०२३ रोजी गिटहबने आपली आरएसए होस्ट किल्ली बदलली. खासगी किल्ली थोड्या वेळासाठी एका सार्वजनिक रिपॉझिटरीत उघडी पडली होती, म्हणून खबरदारी घेतली गेली. ज्यांच्याकडे जुनी किल्ली नोंदलेली होती, त्यांना तो इशारा दिसला. हल्ला झालेला नव्हता, तरी इशारा चुकीचाही नव्हता. कालचे आणि आजचे जुळत नाही, एवढेच बाधक ज्ञान सांगते. दोहोंपैकी खोटे कोणते, याचा निवाडा ते करत नाही. त्यासाठी वेगळ्या वाटेने आलेली माहिती लागते, आणि ती गिटहबने नवे फिंगरप्रिंट आपल्या संकेतस्थळावर छापून दिली.

इथेच एक वाईट सवय लागते. जुनी नोंद पुसून पुन्हा 'यस' लिहिले की काम सुरू होते, म्हणून इशारा दिसताच नोंद पुसण्याकडे हात वळतो. त्यापुढची पायरी म्हणजे सेटिंगमध्ये होस्टची कडक तपासणीच बंद करणे. मग नवी किल्ली न विचारता नोंदली जाते आणि बदललेल्या किल्लीनेही जोडणी अडत नाही. याला स्वतःप्रामाण्य म्हणता येणार नाही. बाधक आले तर ज्ञान सोडू, या तयारीवरच कुमारिलांचा 'आधी माना' हा नियम उभा आहे. ती तयारी काढून घेतली तर उरते ती केवळ बेपर्वाई.

दुसऱ्या मार्गाचे उदाहरण अधिक बोचरे आहे. २००६ मध्ये डेबियन या लिनक्स वितरणात, एसएसएचच्या किल्ल्या बनवताना लागणाऱ्या ओपनएसएसएल पॅकेजमध्ये, एक छोटी दुरुस्ती झाली. स्मृतीचा वापर तपासणारे एक साधन काही ओळींविषयी तक्रार करत होते, म्हणून त्या काढल्या गेल्या. यादृच्छिक संख्या बनवणाऱ्या भागाला बाहेरून मिळणारी अनिश्चितता नेमक्या त्याच ओळींतून येत होती. त्या गेल्यावर प्रोसेसचा क्रमांक एवढीच अनिश्चितता उरली, आणि तो क्रमांक सुमारे ३२ हजारांच्या वर जात नव्हता. कल्पनातीत मोठ्या संचातून निवडली जायची ती किल्ली एवढ्या थोड्यांतून निवडली जाऊ लागली. लुसियानो बेल्लो यांच्या हे ध्यानात आले आणि १३ मे २००८ रोजी डेबियनने ते जाहीर केले. मधल्या काळात डेबियनवर आणि तिच्यावर आधारलेल्या उबुंटूवर बनलेल्या किल्ल्या दिसायला अगदी ठीक होत्या. लॉगिन होत होते, इशारा कसलाच येत नव्हता. बाधक ज्ञान कोणालाही झाले नाही. साधनातला दोष तेवढा उघडकीला आला. तो कळताच त्या काळातल्या सर्व किल्ल्या, ज्यांवर कधी हल्लाही झाला नव्हता त्यासुद्धा, टाकून द्याव्या लागल्या. कुमारिलांनी कारणदोष हा वेगळा मार्ग का मोजला, ते या घटनेवरून लक्षात येते.

फळावरून खरेपण

नैयायिकांना 'आधी माना' हेच पटत नाही. ज्ञान आपले खरेपण घेऊनच येत असेल तर झालेल्या ज्ञानाविषयी शंका येताच कामा नये, पण ती येते. म्हणून वात्स्यायनांच्या न्यायभाष्याचा आरंभच ज्ञान, प्रवृत्ती आणि तिचे साफल्य यांच्या संबंधाने होतो. पाणी दिसले म्हणून माणूस तिकडे गेला आणि तहान भागली तर पाण्याचे ज्ञान खरे. वाळूच हाती आली तर ते मृगजळ.

टर्मिनलवर ही कसोटी लावणे सोपे वाटते. होस्टचे नाव विचारावे, आपण कोणत्या नावाने आत आहोत ते पाहावे, फाइल लिहून परत वाचावी. सर्व ठीक आले की ज्ञान खरे. पण मध्ये बसलेला माणूस प्रत्येक कमांड खऱ्या सर्व्हरकडे पोचवत असेल आणि उत्तर परत आणून देत असेल, तर यांतली एकही तपासणी फसत नाही. फळ मिळते आणि ज्ञान मात्र खोटेच असते. तेव्हा केवळ साफल्य पुरत नाही. ज्ञान खोटे असते तर फसलीच असती, अशी कृती शोधावी लागते.

पासवर्ड आणि किल्ली यांतला फरक इथे महत्त्वाचा ठरतो. पासवर्डने लॉगिन केले तर मधला माणूस तो घेऊन खऱ्या सर्व्हरवर जाऊ शकतो. लॉगिन यशस्वी होते आणि त्या यशातून काहीच सिद्ध होत नाही. किल्लीने लॉगिन करताना वापरणाऱ्याची खासगी किल्ली जी सही करते, तिच्यात त्या जोडणीची खास ओळखसंख्या गुंफलेली असते. मधल्या माणसाची एका बाजूची जोडणी आणि दुसऱ्या बाजूची जोडणी वेगळ्या असल्याने दोन्ही ओळखसंख्या वेगळ्या निघतात, आणि एका जोडणीसाठी केलेली सही दुसऱ्या जोडणीत चालत नाही. फार तर तो स्वतःच सर्व्हर असल्याचे सोंग करू शकतो. खऱ्या सर्व्हरच्या आत त्याला पाऊल ठेवता येत नाही. अशा जोडणीतून आत गेल्यावर, वापरणाऱ्याने पूर्वी ठेवलेली आणि इतरांना ठाऊक नसलेली फाइल जागच्या जागी सापडली, तर ते फळ पुरावा म्हणून उभे राहते. लॉगिन दोन्हीकडे सारखेच झाले. फरक पडला तो कृतीच्या घडणीत. अर्थात नव्या कोऱ्या सर्व्हरवर अशी जुनी फाइल नसते, त्यामुळे पहिल्या भेटीची अडचण या मार्गानेही सुटत नाही.

आप्ताचे वचन

ती अडचण सोडवायला न्यायदर्शनाचे चौथे प्रमाण कामी येते. प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीने नैयायिक शब्द, म्हणजे आप्ताचे वचन, हेही प्रमाण मानतात. आप्त कोणाला म्हणावे, हे वात्स्यायनांनी नेमके सांगितले आहे: ज्याला विषयाचे साक्षात ज्ञान आहे आणि जसे पाहिले तसेच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू होते, असेही ते पुढे म्हणतात. आप्तत्व जन्मावर वा पदावर अवलंबून नाही. ज्ञान आणि प्रामाणिक इच्छा या दोन अटींवर ते ठरते.

सर्व्हरचे फिंगरप्रिंट क्लाउड कंपनीच्या कन्सोलवर वाचणे, किंवा सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाकडून फोनवर पडताळून घेणे, हे शब्दप्रमाणच आहे. पॅकेजेस टाकतानाही तेच घडते. डेबियनमध्ये पॅकेजांच्या सूचीवर प्रकल्पाची सही असते, सूचीत प्रत्येक पॅकेजची एसएचए२५६ बेरीज, म्हणजे चेकसम, असते, आणि उतरवलेले पॅकेज त्या बेरजेशी जुळले तरच बसवले जाते. याउलट, संकेतस्थळावरची एक ओळ उचलून टर्मिनलमध्ये चिकटवायची आणि तिने उतरवलेली स्क्रिप्ट थेट शेलच्या हाती द्यायची, ही पद्धत बरीच रूढ आहे. तिथे एचटीटीपीएस एवढीच हमी देते की मजकूर त्या संकेतस्थळावरूनच आला. लिहिणाऱ्याला विषय कळतो का आणि त्याचा हेतू कसा आहे, हे ती सांगत नाही.

सही कोणाची ते कळते. सही करणारा आप्त आहे की नाही ते कळत नाही. २०२४ मधल्या एक्सझेड प्रकरणात हे उघड झाले. एक्सझेड युटिल्स हे फाइली आक्रसणारे छोटे साधन जवळपास प्रत्येक लिनक्सवर असते. एका टोपणनावाच्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ त्यात उपयोगी भर घालून सांभाळकर्त्याचा अधिकार मिळवला. २०२४ च्या फेब्रुवारीत आणि मार्चमध्ये निघालेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा होता, आणि काही लिनक्स वितरणांमध्ये एसएसएचचा सर्व्हर त्या लायब्ररीपर्यंत पोचत असल्याने तो तिथे उघडत असे. आवृत्त्या रीतसर मार्गाने आणि अधिकार असलेल्या हातूनच निघाल्या होत्या. डेबियनच्या चाचणी आवृत्तीत आणि इतर काही वितरणांच्या घडत्या आवृत्त्यांत चोरदरवाजा शिरलाही होता. पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड दुसऱ्याच मोजमापात गुंतले होते. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो आणि प्रोसेसर विनाकारण खर्ची पडतो, हे त्यांना खटकले. माग काढत ते चोरदरवाजापर्यंत पोचले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी ते जाहीर केले.

वात्स्यायनांच्या दोन अटींपैकी पहिली, ज्ञानाची, त्या टोपणनावाने पूर्ण केली होती. काम चांगले होते म्हणूनच अधिकार मिळाला. दुसरी अट इच्छेची, आणि इच्छा कामातून दिसत नाही. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये कोणाचे कूळ, देश वा पदवी विचारली जात नाही. वात्स्यायनांच्या लक्षणाची ही अस्सल अंमलबजावणी आहे, आणि त्या लक्षणाची मर्यादाही तिथेच दिसते. ढोंग ओळखले गेले ते वचनाची छाननी करून नाही. अर्ध्या सेकंदाच्या कार्यावरून त्याच्या कारणाचे अनुमान झाले, म्हणून ते उघडे पडले.

सर्व्हरच्या बाजूने

ओळखीचा प्रश्न उलट दिशेनेही आहे. सर्व्हरला माणूस दिसत नाही. त्याच्याकडे मंजूर सार्वजनिक किल्ल्यांची फाइल असते आणि जुळणारी खासगी किल्ली ज्याच्यापाशी आहे त्याला तो आत घेतो. जवळ असणे यावरून तोच असणे, असे हे अनुमान आहे, आणि किल्ली चोरीला गेली की ते फसते. म्हणून एसएसएच एक सावधगिरी बाळगते. खासगी किल्लीची फाइल मालकाखेरीज आणखी कोणाला वाचता येत असेल तर प्रोग्रॅम ती वापरायलाच नकार देतो. फाइलचे अधिकार ६०० असे केले की पुढे जातो. किल्ली चोरीला गेल्याचा कसलाही पुरावा नसतो. ती जाऊ शकते, इतकेच. कारणदोष प्रत्यक्ष कळला तरच ज्ञान सोडावे, नुसत्या शक्यतेवरून सोडू नये, असे कुमारिल म्हणतात. इथे यंत्राची रचना त्यांच्यापेक्षा कडक आहे. त्याचे कारण उघड आहे: हा दोष कळेपर्यंत थांबले तर कळून उपयोग नसतो.

अनवस्था

पडताळणी कुठवर न्यायची, हा प्रश्न यातून सुटत नाही. फिंगरप्रिंट कन्सोलवर पडताळले. कन्सोल ब्राउझरात उघडला. ब्राउझरने संकेतस्थळाचे प्रमाणपत्र मान्य केले, कारण प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांची यादी त्याच्यात आधीपासून होती. ती यादी ऑपरेटिंग सिस्टिमसोबत आली. तिच्या इन्स्टॉलरची बेरीज जुळवून पाहिली, पण ज्या साधनाने बेरीज केली ते त्याच यंत्रावरचे होते. शेलमध्ये कमांड लिहिली की शेल 'पाथ' या यादीतल्या फोल्डरांत क्रमाने शोधतो आणि पहिली सापडेल ती फाइल चालवतो. कोणती फाइल चालणार हे सांगणारी 'विच' ही कमांडदेखील बॅशमध्ये बहुधा त्याच यादीतून शोधली जाते. यादीतच कोणी फेरफार केला असेल तर साक्षीदारही त्याचाच निघतो. 'टाइप' ही कमांड शेलच्या पोटातच असल्याने ती जास्त भरवशाची, पण तोवर शेलवर भरवसा ठेवून झालेला असतो.

युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या केन थॉम्पसन यांनी ही साखळी शेवटापर्यंत नेऊन दाखवली. ट्युरिंग पुरस्काराच्या निमित्ताने दिलेले त्यांचे व्याख्यान १९८४ मध्ये छापले गेले. कम्पायलरच असा करून ठेवता येतो की तो लॉगिनच्या प्रोग्रॅममध्ये गुपचूप चोरदरवाजा घालेल, आणि स्वतःला पुन्हा कम्पाइल केले जात असताना हीच खोड नव्या कम्पायलरमध्ये उतरवेल. मग मूळ कोडमध्ये शोधून काही सापडत नाही, कारण तिथे काही उरलेलेच नसते. जो कोड स्वतः लिहिला नाही त्याच्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

प्रमाणांनी वस्तू सिद्ध होतात तर प्रमाणे कशाने सिद्ध होतात, हे नागार्जुनांनी विग्रहव्यावर्तनीत विचारले होते. दुसऱ्या प्रमाणांनी म्हटले तर अनवस्था, म्हणजे कधीच न संपणारी साखळी; आपोआप म्हटले तर मग वस्तूच आपोआप सिद्ध का होऊ नयेत? कुमारिलांचे उत्तर व्यवहारी आहे: तीन-चार ज्ञानांपलीकडे जाण्याची गरज पडत नाही. दहाव्या-अकराव्या शतकातल्या उदयनाचार्यांचे उत्तर शंकेलाच हद्द घालते. शंका स्वतःच्या कृतीशी विसंगत होईपर्यंतच घ्यावी. बेरीज तपासण्यासाठी जो कमांड लिहितो त्याने कीबोर्ड, शेल आणि प्रोसेसर आधीच मानलेले असतात. त्या क्षणी त्यांवरही शंका आहे असे तो म्हणेल तर त्याची कृतीच त्याला खोटे पाडते. बाराव्या शतकात श्रीहर्षांनी हे उलटवले: विसंगती आहे असे म्हणायलाही शंका आधी असावी लागते, मग विसंगतीने शंका कशी संपेल? गंगेशांनी याचा प्रतिवाद केला, तरी श्रीहर्षांच्या म्हणण्यात एक गोष्ट टिकून राहते. माणूस साधन वापरतो एवढ्याने साधन निर्दोष ठरत नाही.

संगणकशास्त्राने थॉम्पसन यांना दिलेले उत्तर अनवस्था तोडत नाही, पण फसवणूक महाग करते. डेव्हिड व्हीलर यांनी २००५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत संशयित कम्पायलरचा मूळ कोड एका वेगळ्या, स्वतंत्र कम्पायलरने कम्पाइल करायचा आणि त्यातून निघालेल्या कम्पायलरने तोच कोड पुन्हा कम्पाइल करायचा. हाती आलेला निकाल संशयित कम्पायलरशी बिटभरही फरक न पडता जुळला, तर त्या मूळ कोडबाहेरची खोड कम्पायलरमध्ये नाही असे म्हणता येते. अपवाद दोन्ही कम्पायलरांत नेमकी तीच खोड असण्याचा. एकाच कोडवरून वेगवेगळ्या लोकांनी बनवलेली पॅकेजेस तंतोतंत सारखी यावीत, हा डेबियनमध्ये चाललेला प्रयत्न याच विचाराचा. कुमारिलांच्या 'तीन-चार ज्ञानांना' इथे एक अट जोडली जाते: ती एकमेकांपासून स्वतंत्र हवीत. एकाच यादीतून आलेले चार साक्षीदार एकाच्याच मोलाचे असतात.

कुठे थांबावे

थांबण्याची जागा तर्काने मिळत नसेल तर ती कशावरून ठरवायची? नवव्या शतकातले काश्मीरचे जयंतभट्ट न्यायमंजरीत जो फरक करतात तो इथे उपयोगी पडतो. ज्यांचे फळ इथेच दिसते त्या व्यवहारांत ज्ञानाच्या खरेपणाची खात्री आधी करून घेतलीच पाहिजे असे नाही. माणूस शंका असतानाही कृती करतो, आणि चुकले तर परत फिरतो. ज्यांचे फळ इथे दिसत नाही त्या यज्ञयागांत पैसा आणि कष्ट अफाट लागतात आणि चूक झाल्याचे कळायला मार्ग नसतो. तिथे खात्री आधी हवी.

टर्मिनलवरच्या कृतींचीही अशीच विभागणी होते. फोल्डरातल्या फाइलींची यादी मागणे चुकीच्या यंत्रावर झाले तरी काही बिघडत नाही. फोल्डर आतल्या सगळ्यासकट पुसणारी कमांड, चालू डेटाबेसवरचा बदल, खासगी किल्ली सर्व्हरवर नेऊन ठेवणे, दूरच्या यंत्राला किल्ली सांभाळणाऱ्या एजंट प्रोग्रॅमपर्यंत पोचू देणे, या कृती माघारी घेता येत नाहीत. कित्येकदा त्यांचे वाईट फळ डेबियनच्या किल्ल्यांप्रमाणे वर्ष-दोन वर्षे दिसतही नाही. शिकण्यासाठी घेतलेल्या आणि संध्याकाळी मोडून टाकायच्या यंत्रावर न पडताळता दिलेला होकार पुरेसा आहे. इतरांची माहिती जिथे राहणार तिथे फिंगरप्रिंट दुसऱ्या मार्गाने जुळवणे, लॉगिन फक्त किल्लीने ठेवणे आणि पॅकेजेस सही असलेल्या सूचीतूनच घेणे गरजेचे होते. यंत्रे शेकड्यांनी असतील तर ओपनएसएसएचमध्ये २०१० पासून असलेली प्रमाणपत्रे वापरता येतात. सगळ्या सर्व्हरांच्या किल्ल्यांवर एकच मूळ किल्ली सही करते आणि वापरणाऱ्याला ती एकच मान्य करावी लागते. पहिल्या भेटीचा भरवसा यात नाहीसा होत नाही. तो एका जागी गोळा होतो आणि त्या जागेची राखण नीट करता येते.

या व्यवस्थेत दोन्ही वादांना आपापली जागा मिळते. रोजच्या जोडणीत स्वतःप्रामाण्य चालते, कारण त्यावाचून काम पुढे सरकत नाही. पण 'नोन होस्ट्स'मधली नोंद जपली आणि दोषांच्या जाहीर सूचना वाचल्या, तरच त्याला अर्थ राहतो. माघारी न येणाऱ्या कृतीपूर्वी परतःप्रामाण्य लागते, आणि ज्ञान खोटे असते तर फसलीच असती अशा कसोटीवरच ते टिकते. दोन्हींच्या पलीकडे उरतो तो आप्ताचा हेतू. तो तपासण्याचे साधन न्यायदर्शनापाशी नव्हते आणि सही-बेरजेच्या गणितापाशीही नाही. त्यावर आजवर सापडलेला उपाय एकच आहे: कोणा एकट्याच्या वचनावर सारे काम टेकू नये अशी व्यवस्था लावणे, आणि कामाच्या लहानसहान खटकणाऱ्या खुणांकडे दुर्लक्ष न करणे.